कोळशाच्या गोदीतली शेवटची शिडं

मंडळी, आगबोटी आल्या आणि शिडाची जहाजं संपली, असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. खरं आहे ते, पण अर्धंच. वेल्समध्ये कार्डिफला लागून पेनार्थ नावाचं गाव आहे. तिथली गोदी १८६५ साली सुरू झाली, खाणींतून रेल्वेनं येणारा कोळसा जहाजांवर चढवण्यासाठी. हाच कोळसा जगभरच्या आगबोटी जाळायच्या. पण तो दूरदूरच्या बंदरांत नेऊन टाकायचं काम कितीतरी वर्षं शिडाच्या जहाजांनी केलं. वारा फुकट, त्यामुळे भाडं स्वस्त. जाताना वेल्सचा कोळसा न्यायचा, येताना चिलीचं नायट्रेट, म्हणजे खतासाठीचा क्षार, आणायचं. कोळशानं शिडांना मारलं, तसं बरीच वर्षं पोसलंही.

गोदीत कोळशानं भरलेली रेल्वेची वाघीण (मालडबा) उचलून कलती केली की कोळसा धडधडत जहाजाच्या पोटात पडे आणि तोंडाखाली त्याचा डोंगर होई. मग फावडी घेऊन माणसं आत उतरत. त्यांना ट्रिमर म्हणत. काळोखात, नाकातोंडात धूळ जात असताना, तो डोंगर फोडून कानाकोपऱ्यापर्यंत सारखा करायचा. ढीग तसाच राहिला तर भर समुद्रात माल एका अंगाला सरकतो आणि कललेलं जहाज पुन्हा उभं राहत नाही. गोदीचा इतिहास सांगताना मालकांची नावं येतात. मला आधी ही माणसं आठवतात.

१९१३ साली इथून ४५ लाख टनांहून जास्त कोळसा गेला. नंतर जहाजं तेलावर चालू लागली, पहिल्या महायुद्धाच्या भरपाईपोटी जर्मनीचा कोळसा युरोपच्या बाजारात आला, १९२६ मध्ये खाणी महिनोन्‌महिने बंद राहिल्या. १९३६ ला गोदीतली मालवाहतूक थांबली.

त्या रिकाम्या गोदीत १९४९ साली दोन पाहुणी आली, ‘पामीर’ आणि ‘पासाट’. चार डोलकाठ्यांची, पोलादी, मुळात नायट्रेटसाठीच बांधलेली शिडाची जहाजं. ऑस्ट्रेलियाच्या पोर्ट व्हिक्टोरियाहून धान्य भरून, दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या केप हॉर्नला वळसा घालून ती युरोपला पोचली होती. पासाटला ११० दिवस लागले, पामीरला १२८. माल घेऊन शिडांवर हॉर्न ओलांडणारं शेवटचं जहाज म्हणजे पामीर. दोघांचे मालक गुस्ताफ एरिक्सन दोन वर्षांपूर्वीच वारले होते. इतरांनी नको म्हटलेली शिडाची जहाजं त्यांनी हौसेनं आणि हिशेबानं चालवली होती. १९५१ मध्ये ही जोडी बेल्जियमच्या भंगारवाल्यांकडे गेली, पण एका जर्मन मालकानं तिला सोडवून आणलं. मग तरुण खलाशांचं शिक्षण आणि मालवाहतूक, दोन्ही एकाच जहाजावर सुरू झालं.

२१ सप्टेंबर १९५७. अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांजवळ चक्रीवादळात पामीर बुडालं. ८६ जणांपैकी ६ वाचले. जहाजात अर्जेंटिनाचा जव होता, बहुतेक सगळा पोत्यांविना, सुटा. तो सरकल्याचं चौकशीत पुढे आलं. ट्रिमरचं सगळं आयुष्य ज्या एका भीतीपोटी फावडं मारण्यात जायचं, तीच ही गोष्ट. दोनच महिन्यांत पासाटमधलाही जव वादळात तसाच सरकला. एका अंगावर कललेलं ते जहाज कसंबसं लिस्बनला लागलं.