दोन ग्रॅमचा डोळा

(नागपुरात बारावी आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मी सोबत एक छोटा काटा आणलाय, इतवारीच्या सराफ्यात सोनं तोलायला असतो तसा. त्यावर हा कॅमेरा ठेवते. मागे बसलेल्यांना आकडा दिसणार नाही, म्हणून वाचून दाखवते: दोन ग्रॅमच्या किंचित वर. आता हा दुसरा, सहा ग्रॅमला जरासा कमी. दोन्ही एफपीव्हीचे कॅमेरे आहेत, म्हणजे ड्रोनच्या नाकावर बसवायचे आणि त्यांना जे दिसतं तेच गॉगलमध्ये बघत उडवायचं. दोन्ही साधारण दोन-अडीच हजारांच्या आत-बाहेर मिळतात. फरक चार ग्रॅमचा. या चार ग्रॅमवर मी आज बराच वेळ बोलणार आहे.

मी गेली सहा वर्षं उडवते आहे. दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं, "ताई, कॅमेरा कोणता घेऊ?" सोबत मोबाइलवर दोन-तीन कॅमेऱ्यांचे फोटो असतात आणि त्यांतला एकच आकडा मुलांनी बघितलेला असतो. याचा सातशे टीव्हीएल, म्हणजे टीव्ही लाइन्स, त्याचा बाराशे. बाराशे मोठा, म्हणून तो चांगला. पॉकेटमनी साठवून घेणारी ही मुलं आहेत आणि त्यांचा पैसा चुकीच्या आकड्यावर जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यासाठीच आज इथे आले.

आधी या कॅमेऱ्याचं काम काय ते बघू. तो सुंदर व्हिडिओ काढायला नसतो. त्यासाठी लोक वर वेगळा ॲक्शन कॅमेरा बांधतात. नाकावरचा कॅमेरा फक्त वाट दाखवतो, आणि त्याने ती ताबडतोब दाखवायला हवी. समजा तुमचा क्वाड, म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन, ताशी ६० किलोमीटरने चाललाय. म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त. चित्र तुमच्या डोळ्यांपर्यंत यायला ३० मिलिसेकंद लागले, तर तेवढ्यात क्वाड अर्धा मीटर पुढे गेलेला असतो. अर्धा मीटर हाताला सवयीने सांभाळता येतो. तेच १५० मिलिसेकंद लागले तर अडीच मीटर. तुम्हाला झाड अजून समोर दिसत असतं आणि प्रत्यक्षात तुम्ही त्यात घुसलेले असता.

हे सांगायचं कारण म्हणजे कॉलेजच्या प्रोजेक्टमधून उरलेला तो चार-पाचशे रुपयांचा वायफायवाला ईएसपी३२-कॅम बोर्ड. तो ड्रोनवर लावू का, असं मला फार वेळा विचारतात. तो बोर्ड मलाही आवडतो, दारावरची बेल करायला उत्तम आहे. पण तो प्रत्येक चित्र आधी दाबून लहान करतो, मग वायफायवरून पाठवतो, मग मोबाइल ते उलगडतो. त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात आणि मधेच चित्र थिजतं. घरातल्या हॉलमध्ये हळू, सेकंदाला चार मीटरने उडवलं तरी १५० मिलिसेकंदांत साठ सेंटिमीटर गेले. दाराची चौकटच ऐंशी-नव्वद सेंटिमीटरची. जुना ॲनालॉग कॅमेरा या बाबतीत सरस ठरतो. त्यात दाबणं-उलगडणं नाही. ओळ वाचली की ओळ हवेत. सिग्नल कमी झाला तर मुंग्या येतात, चित्र हळूहळू विरतं, पण थिजत नाही. परत फिरायची वेळ झाली हे त्या मुंग्याच सांगतात.

आता तो टीव्हीएलचा आकडा. आडव्या दिशेने किती बारीक रेषा वेगळ्या दिसतील, त्याचं हे माप. सेन्सर बाराशे रेषा वाचत असेलही, पण पुढे तो सिग्नल ॲनालॉग व्हिडिओच्या अरुंद नळीतून जायचा असतो. ढोबळमानाने एका मेगाहर्ट्झमध्ये ऐंशी रेषा मावतात. आपल्या ट्रान्समीटरला व्हिडिओसाठी सहा मेगाहर्ट्झ मिळाले असं उदारपणे धरलं, तरी ४८० झाल्या. वरच्या रेषा गॉगलपर्यंत पोचतच नाहीत. नव्या बाराशेवाल्या कॅमेऱ्याचं चित्र जुन्या सहाशेवाल्यापेक्षा चांगलं दिसतं, हे खरं आहे. पण त्याचं श्रेय नव्या सेन्सरला आणि प्रकाश सांभाळायच्या त्याच्या ताकदीला. सातशेच्या वरचा कुठलाही आकडा दिसला की तो तिथेच सोडा आणि पुढचं वाचा.

पुढचं म्हणजे ऊन आणि सावली. आपल्याकडे हाच खरा प्रश्न आहे.

मागच्या मार्चमध्ये काटोलकडे एका ओळखीच्या काकांच्या संत्र्याच्या बागेत गेलो होतो, त्यांना विचारून. संत्र्याचं झाड बुटकं, गच्च पानांचं. दोन ओळींमधून उडवायचं म्हटलं की वर पांढरं शुभ्र आकाश, खाली उन्हात तापलेली माती आणि बाजूला झाडाखालचा काळोख, हे सगळं एकाच चित्रात. आमच्यातल्या एका मुलाचा कॅमेरा स्वस्तातला होता, त्यात डब्ल्यूडीआर नावापुरताच. ओळीच्या तोंडाशी तो उन्हातून सावलीत शिरला आणि गॉगल काळा झाला. अंदाजे एक सेकंद. कॅमेऱ्याने उजेड वाढवून पुन्हा चित्र दाखवेपर्यंत क्वाड फांदीत अडकला होता. दोन प्रॉप, म्हणजे पंखे, तुटले, कॅमेऱ्याच्या काचेवर ओरखडा आला, आणि काकांच्या झाडाची चार कच्ची फळं पडली, त्याची लाज वेगळी. त्याच वाटेवरून मी हा सहा ग्रॅमचा कॅमेरा नेला. आकाश थोडं फिकट झालं, पण झाडाखालचा ठिबकचा काळा पाइप मला दिसत होता. तो पाइप दिसणं म्हणजे डब्ल्यूडीआर. उजळ आणि अंधारी, दोन्ही बाजू एकाच वेळी शाबूत ठेवायची क्षमता. कॅमेरा घेताना कुणाच्या तरी गॉगलमधून रेकॉर्ड केलेला डीव्हीआर व्हिडिओ मागा, आणि त्यात पायलट उन्हातून सावलीत जातो तेवढाच तुकडा बघा. बाकीचा नाही बघितला तरी चालेल.

याच्याच जोडीला पावसाळ्यातली संध्याकाळ. जुलैमध्ये पाच वाजताच अंधारून येतं, तेव्हा लहान सेन्सरच्या चित्रात दाणे दिसायला लागतात. मोठा सेन्सर जास्त प्रकाश गोळा करतो. हा सहा ग्रॅमचा कॅमेरा कॅडेक्सचा रॅटल आहे, आणि तो दोन ग्रॅमचा त्याच कंपनीचा अँट. रॅटलचा सेन्सर मोठा, म्हणून अंधारात तो पुढे. इन्फ्रारेड अडवणारी फिल्टरची काच लेन्समागे आहे की नाही तेही पाहा. ती नसेल तर दिवसा हिरवी पानं पांढुरकी दिसतात आणि पानं कुठे संपली, आकाश कुठे सुरू झालं, ते कळेनासं होतं.

तुम्ही म्हणाल, मग रॅटलच घ्यावा. इथे तो काटा परत काढते.

ही माझी व्हूप, म्हणजे घरातही उडवता येणारा चिमुकला ड्रोन, ६५ मिलिमीटरची, प्रॉपभोवती प्लास्टिकची कडी असलेली. बॅटरीसकट २८ ग्रॅम. हिच्यावर चार ग्रॅम जास्तीचे चढवणं म्हणजे एक सप्तमांश वजन वाढवणं. साठ किलोच्या माणसाच्या पाठीवर साडेआठ किलोची गोणी द्या आणि जिना चढायला सांगा. उडण्याचा वेळ घटतो, वळणावर ती बाहेर फेकली जाते, खाली येताना डगमगते. सगळं वजन नाकावर, त्यामुळे पुढच्या दोन मोटरी सतत जास्त राबतात. म्हणून व्हूपला अँटसारखा १४ मिलिमीटर रुंदीचा नॅनो कॅमेराच. तोच रॅटल माझ्या पाच इंची पंख्यांच्या क्वाडवर ठेवला, तर तिथे एकूण वजन साडेसहाशे ग्रॅम. चार ग्रॅम त्याला कळतही नाहीत. तिथे हलका कॅमेरा शोधण्यात अर्थ नाही. तो उलट क्रॅशमध्ये लवकर फुटेल. तेव्हा कॅमेऱ्याचं वजन एकटं बघू नका, तुमच्या क्वाडच्या वजनाशी लावून बघा. कॅमेरा क्वाडच्या दहाव्या भागाच्या आत बसला की मी निश्चिंत असते.

रुंदीही आधी मोजा. नॅनो १४, मायक्रो १९, मिनी २१ ते २२ मिलिमीटर. फ्रेमच्या दोन पट्ट्यांमधली जागा पट्टीने मोजून मगच ऑर्डर द्या. लहान कॅमेरा मोठ्या जागेत अडॅप्टरने बसतो, उलटं होत नाही. लेन्सची फोकल लांबी म्हणाल तर २.१ मिलिमीटरपासून सुरुवात करा. १.८ मध्ये बाजूचं खूप दिसतं, पण समोरची फांदी आहे त्याहून लांब वाटते. आणि गॉगल चार बाय तीनचा असेल तर कॅमेराही तसाच ठेवा, नाहीतर माणसं उभट, बारीक दिसतील. व्हिडिओच्या दोन पद्धतींपैकी कोणती, पाल की एनटीएससी, हाही प्रश्न येतो. आपल्या दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झालं ते पाल पद्धतीने, त्यात दिसणाऱ्या ओळी ५७६. एनटीएससीत ४८०, पण चित्र सेकंदाला २५ ऐवजी ३० वेळा बदलतं. मी एनटीएससी ठेवते, वेगात ते बरं पडतं. तुम्ही काहीही ठेवा, फक्त कॅमेरा आणि फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोन सांभाळणारा बोर्ड, दोघांना एकच सेटिंग द्या.

वायरिंगबद्दल मात्र हळू बोलते, कारण नवे कॅमेरे जास्त करून इथेच मरतात. काही कॅमेरे ५ ते ३६ व्होल्ट घेतात, काही फक्त ५ पर्यंत. पाच व्होल्टच्या कॅमेऱ्याची लाल वायर चुकून बॅटरीच्या पॅडला लागली, की एका क्षणात जळका वास येतो आणि दोन हजार गेले. माझ्या हातून हे झालंय, रात्री साडेअकराला, झोपेच्या डोळ्यांनी सोल्डरिंग करताना. तेव्हापासून मी आधी बॅटरी जोडून मल्टिमीटरने पॅडवरचे व्होल्ट वाचते, बॅटरी काढते आणि मगच कॅमेऱ्याची वायर लावते.

मागच्या रविवारी एका मुलाचा फोन आला, "ताई, थ्रॉटल दिला का चित्रात पांढऱ्या रेघा येऊन राहिल्या. कॅमेरा खराब निघाला वाटते." कॅमेरा ठणठणीत होता. मोटरींना वीज देणारे ईएससी बॅटरीच्या लाइनवर गोंधळ घालतात आणि तो गोंधळ चित्रात शिरतो. बॅटरीच्या तारांवर एक लो-ईएसआर, म्हणजे आतला रोध कमी असलेला, कपॅसिटर जोडायला सांगितला, कॅमेऱ्याची काळी वायर व्हीटीएक्सच्या, म्हणजे व्हिडिओ ट्रान्समीटरच्या, जवळच ग्राउंड करायला सांगितली. बर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून पंधरा-वीस रुपयांचा कपॅसिटर आणला आणि रेघा गेल्या. तो तर नवीन कॅमेरा मागवायला निघाला होता.

आणि उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. जमिनीवर ठेवलेल्या ड्रोनला वारा लागत नाही आणि व्हीटीएक्स भाजून निघतो. बॅटरी जोडली की लगेच उडवा, सेटिंग घरी पंख्याखाली करून या. गॉगल तर उन्हात भिंगं वर करून कधीच ठेवू नका. भिंगातून सूर्य आतल्या पडद्यावर एकवटतो आणि कायमचा डाग पडतो.

डिजिटलबद्दल थोडंच बोलते. डीजेआय, वॉकस्नेल, एचडीझीरो यांचं चित्र बघितलं की ॲनालॉगकडे परत यावंसं वाटत नाही, हे मान्य. पण कॅमेरा, ट्रान्समीटर, गॉगल सगळं एकाच घराण्याचं घ्यावं लागतं आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. शिकताना दर आठवड्याला काहीतरी तुटणार. दोन हजारांचा कॅमेरा तुटला तर माणूस पुढच्या महिन्यात परत उडवतो.

शेवटचं, जागेचं. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. म्हणून तुम्ही जोडून उडवणार, आणि ते छान आहे. पण २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांच्या वर नाही. सोनेगाव विमानतळ धरला तर त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर, धरमपेठ सगळं आठच्या आत येतं. शहरात हवाई दलाच्या आणि लष्कराच्या जागा आहेत, त्या वेगळ्या. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण हा हद्दीचा नियम त्यालाही आहे. सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघा, मगच बाहेर पडा. गॉगल लावला की आजूबाजूचं काही दिसत नाही, म्हणून शेजारी एक मित्र उघड्या डोळ्यांनी आकाशाकडे बघत उभा हवाच. शहरात राहणाऱ्यांनी व्हूप घ्यावी आणि घरातल्या हॉलमध्ये शिकावं. मीही तशीच शिकले, सोफ्याखालून आणि खुर्चीच्या पायांमधून.

आता पुढे या. टेबलावर दोन गॉगल आहेत. डावा अँटला जोडलाय, उजवा रॅटलला. दोन्ही कॅमेरे त्या पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून आहेत आणि ऊन अजून आहे. एकेकाने खिडकीसमोर उभं राहून हात वर करा. बाकीच्यांनी आधी डावा गॉगल लावायचा, मग उजवा, आणि समोरच्याने किती बोटं वर केलीत ते सांगायचं.