टाकळा, पांढरं मलम आणि करदोडा

मघाशी एका आजींनी विचारलं, टाकळ्याचं बी ताकात वाटून गजकर्णाला लावलं तर चालतं का? तिथूनच सुरुवात करतो.

पहिल्या पावसानंतर बांधाबांधावर उगवणारा हा टाकळा. कोवळा असताना आपण त्याची भाजी खातो. संस्कृतात त्याचं एक नाव दद्रुघ्न. दद्रू म्हणजे दाद, आपलं गजकर्ण. दुसरं नाव चक्रमर्द. हे नाव ठेवणाऱ्यानं तो लाल काठाचा गोल अगदी जवळून पाहिला असणार! म्हणून आजींना मी हसत नाही. अडचण एवढीच की लेप घरागणिक बदलतो. त्यात कुणी लसूण वाटून घालतं आणि गजकर्णाऐवजी भाजलेली कातडी घेऊन माझ्याकडे येतं.

दुसरं जुनं औषध व्हिटफील्डचं मलम. शंभर वर्षांहून जुनं, स्वस्त. बेंझोइक आम्ल ६ टक्के, सॅलिसिलिक आम्ल ३ टक्के. गजकर्ण होतं बुरशीनं, आणि ती राहते कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात. सॅलिसिलिक तो थर सोलतं, बेंझोइक बुरशीची वाढ रोखतं. थोडं चुणचुणतं, म्हणून चेहऱ्याला, जांघेत किंवा फुटलेल्या कातडीवर लावायचं नाही. तिथं औषध वेगळं. बुरशी काठावर जिवंत असते, तेव्हा मलम गोलाच्या बाहेर दोन बोटं जाऊ द्या. सकाळ-संध्याकाळ, निदान चार आठवडे. अंगभर पसरलं असेल तर नुसत्या मलमानं भागत नाही, पोटातून गोळ्या लागतात.

पण चार आठवडे थांबतो कोण? केळीचे घड वाहणारा एक मुलगा आला होता. खिशातून ट्यूब काढली, शेपटीपासून पार गुंडाळत आणलेली. म्हणाला, ‘‘हाई मलम लावं का दोन दिनमा खाज बंद व्हई जास.’’ खरंच होते. कारण त्यात क्लोबेटासॉल आहे, जबरदस्त स्टेरॉईड. ते खाज आणि लाली दाबतं. बुरशी मात्र मजेत पसरत राहते. मलम सोडलं की दुप्पट उसळी. त्याच्या कंबरेवर गोलात गोल उठले होते आणि कातडी कागदासारखी पातळ झाली होती. माझ्या मते आजींचं ताक त्याहून बरं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. घामानं भिजलेली जीन्स दिवसभर अंगावर, घरात चौघांना एकच टॉवेल. कपडे उलटे करून उन्हात वाळवा, उन्हाची आपल्याला काय कमी? आणि घरात ज्याला ज्याला खाज आहे, त्या सगळ्यांचा इलाज एकदमच करा.

त्या मुलाच्या कंबरेला काळा करदोडा होता, सतत ओला. काढ म्हटलं तर शेजारी बसलेली आई उसळली, ‘‘बिनकरदोड्याचा पोरगा?’’ बरीच घासाघीस झाली. शेवटी दोरा धुऊन देवघरात ठेवायचा ठरला, कंबर कोरडी होईपर्यंत.