डिअर लॉजच्या खोऱ्यातली वैरण

नमस्कार श्रोतेहो.

काउबॉय म्हटला की घोडा, रुंद काठाची टोपी आणि कमरेला पिस्तूल, एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. आज मी ज्या खोऱ्याबद्दल बोलणार आहे, तिथल्या गुराखी घराण्यांचं नशीब ठरवलं ते वैरणीने. हे डिअर लॉजचं खोरं. अमेरिकेच्या मोंटाना राज्याच्या पश्चिम भागात, समुद्रसपाटीपासून साधारण साडेचार हजार फुटांवर. मधून क्लार्क फोर्क नदी वाहते, दोन्ही बाजूंना डोंगर आणि नदीकाठाला सपाट, ओलीची कुरणं.

गोऱ्या वसाहतवाल्यांच्या आधी सॅलिश, शोशोनी, बॅनक अशा लोकांची या खोऱ्यातून शिकारीसाठी ये-जा असे. ‘मोकळी जमीन’ हा शब्द पुढे सरकारी कागदांवर आला, तेव्हा ती कोणाच्या पायाखालची होती हे विसरून चालणार नाही.

खोऱ्यात गुरांचा पहिला मोठा कळप उभा केला जॉनी ग्रँटने. बाप केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीचा अधिकारी, आई मेटी, म्हणजे गोऱ्या आणि मूळनिवासी अशा मिश्र समाजातली. याचा धंदा मोठा मजेशीर. ओरेगॉनच्या वाटेने बैलगाड्यांचे तांडे पश्चिमेकडे निघालेले असत. शेकडो मैल ओढून त्यांचे बैल आणि गायी अगदी टेकीला आलेल्या. ग्रँट आपलं एक धडधाकट जनावर देई आणि त्याच्या बदल्यात थकलेली दोन घेई. मग ती दोन इकडच्या खोऱ्यात आणून हिवाळाभर चरू द्यायची. पुढच्या उन्हाळ्यात तीच पुन्हा वाटेवर, पुन्हा एकाला दोन! भांडवल म्हणजे फक्त गवत आणि थोडा धीर.

1862 साली त्याने तिथे दुमजली लाकडी घर बांधलं. 28 खिडक्यांचं. आसपास ओंडक्यांच्या झोपड्या असताना एवढ्या खिडक्या म्हणजे थाटच. पण त्याच सुमाराला डोंगरात सोनं सापडलं, खाणवाले लोटले, कर आले, वकील आले. ग्रँटचं मन उडालं. 1866 मध्ये 19,200 डॉलरला घर आणि पसारा विकून तो कॅनडाच्या रेड नदीकडे निघून गेला.

घेणारा होता कॉनराड कोअर्स. जन्माने आजच्या जर्मनीतल्या हॉलस्टाइन प्रांताचा, पोरवयात घर सोडून समुद्रावर गेलेला, मग सोन्याच्या मागे हिंडलेला. सोनं काही हाती लागलं नाही. बॅनक नावाच्या खाणवस्तीत महिना 25 डॉलरवर तो खाटकाच्या दुकानात लागला. मालक, पुढे शेरिफ झालेल्या एका माणसाशी भांडण झाल्यामुळे, जीव घेऊन पळाला आणि दुकान कोअर्सकडे आलं. खाणीत राबणाऱ्यांना रोज मांस हवं असतं. तेव्हा खाणीत उतरण्यापेक्षा खाणवाल्यांना जेवू घालण्यात पैसा आहे, हे त्याने नेमकं हेरलं. सावत्रभाऊ जॉन बिलेनबर्ग त्याचा भागीदार. हिशोब आणि सौदे कोअर्स पाही, गुरं आणि घोडी बिलेनबर्ग.

1868 मध्ये कोअर्स आयोवाला जाऊन लग्न करून आला. ऑगस्टा तेव्हा 19 वर्षांची. नवी नवरी मिसुरी नदीतून आगबोटीने कित्येक आठवडे वर फोर्ट बेंटनपर्यंत, आणि तिथून घोडागाडीने डिअर लॉजला. त्या 28 खिडक्यांच्या घरात आल्यावर कॉफीचे दाणे भाजणं, साबण करणं, मेणबत्त्या ओतणं, गायींच्या धारा काढणं, सगळं तिच्या अंगावर पडलं. इतिहासात ‘कोअर्सचं साम्राज्य’ असं लिहितात तेव्हा या साबणाच्या कढईचा उल्लेख सहसा नसतो. ही बाई 96 वर्षं जगली. 1945 मध्ये गेली, नवऱ्यामागे 25 वर्षांनी.

आता जमिनीचा हिशोब सांगतो. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जमीन मिळे. नाममात्र फी भरायची, घर बांधायचं, पाच वर्षं राहून कसायचं, की जमीन नावावर. एकट्या बाईलाही स्वतःच्या नावाने अर्ज करता येई, ही त्या काळाच्या मानाने मोठीच गोष्ट. आपल्याकडे महाराष्ट्रात कमाल जमीन धारणा कायद्याने कोरडवाहूची मर्यादा 54 एकर आहे. म्हणजे आपल्या मर्यादेच्या जवळपास तिप्पट जमीन, तीही फुकटात! ऐकायला छान वाटतं. पण उन्हाळा तोकडा, पाऊस बेताचा, थंडी हाडं गोठवणारी. 160 एकरांच्या कोरड्या माळावर तिथे गुरांच्या जिवावर एक कुटुंब धड जगत नसे. म्हणून जाणते लोक अर्ज करताना ओढ्याकाठचा, नदीकाठचा तुकडा धरत. पाणी ज्याच्या ताब्यात, त्याच्यामागचा अख्खा डोंगर न घेताच त्याचा. पाण्याचा नियमही असाच: ज्याने पाट आधी काढला त्याचा हक्क पहिला, मागाहून आलेल्याने उरलंसुरलं घ्यावं.

बाकी चराई सरकारी गायरानावर. कोअर्स-बिलेनबर्गची गुरं ऐन भरभराटीच्या काळात चार राज्यांत आणि कॅनडात मिळून एक कोटी एकरांवर चरत होती. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाचा साधारण आठवा हिस्सा. यातला बहुतेक भाग त्यांच्या मालकीचा नव्हताच. 1883 मध्ये नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे पूर्ण झाली. तोवर शेकडो मैल हाकत न्यावी लागणारी गुरं आता डब्यात चढून शिकागोच्या बाजारात जाऊ लागली. पैसा दिसला तसे पूर्वेकडच्या मैदानांवर सगळेच कळप सोडू लागले. गवत तेवढंच, तोंडं दुप्पट-तिप्पट.

मग आला 1886-87 चा हिवाळा. आधीचा उन्हाळा कोरडा गेलेला, गवत मुळापर्यंत खाल्लेलं. नोव्हेंबरपासून बर्फ. जानेवारीत थोडं वितळलं आणि लगेच पुन्हा गोठलं, त्यामुळे वर काचेसारखा कडक थर बसला. एरवी गाईबैल नाकाने बर्फ बाजूला सारून खालचं गवत खातात. या थराने त्यांची तोंडं आणि पाय सोलून निघाले. मोंटानातली निम्म्याहून जास्त गुरं त्या हिवाळ्यात गेली असं मानतात. मोठमोठ्या कंपन्या बसल्या. कोअर्सचंही कंबरडं मोडलं होतं, पण जवळच्या ब्यूट शहरातल्या डेव्हिस नावाच्या बँकवाल्याने त्याला एक लाख डॉलर उभे करून दिले, तारणाशिवाय असं सांगतात. माणसाची पत ती हीच.

मला वाटतं, खोऱ्यातल्या गुराखी घराण्यांचा खरा इतिहास इथून पुढे सुरू होतो. कारण त्यानंतर ‘देव देईल ते गवत’ हा विचार संपला आणि नदीकाठच्या कुरणांना पाट काढून, गवत कापून, वाळवून, गंजी रचून ठेवणं सुरू झालं. काउबॉयच्या हातात दांडपट्ट्यासारखा फिरणारा दोर जाऊन गवत उचलायचं दाताळं आलं. घोड्यावर बसणाऱ्याला ते कमीपणाचं वाटे, पण पोटापुढे काय चालणार!

शेजारच्या बिग होल खोऱ्यात 1910 च्या सुमारास गंजी रचायचं एक ओंडक्यांचं यंत्र निघालं, बीव्हरस्लाइड. दोन मजल्यांहून उंच, उतरता, घसरगुंडीसारखा सांगाडा. खाली मोठ्या पाटीत गवत लोटायचं, दोराच्या दुसऱ्या टोकाला घोडी जुंपलेली, ती पुढे चालली की पाटी उतारावरून वर सरकते आणि माथ्यावरून गवत पलीकडे धाडकन पडतं. गंजीवर उभी असलेली माणसं ते पायाने दाबून पसरतात. धूळ, कुसळं, घाम. यातली एक गंजी नीट बसली नाही तर आत पाणी शिरून सगळं सडतं, म्हणून रचणाऱ्याचा शब्द मालकापेक्षा मोठा.

खोऱ्यावरचं पुढचं संकट हिवाळ्याचं नव्हतं. 1902 मध्ये खोऱ्याच्या वरच्या टोकाच्या अ‍ॅनाकोंडा गावात तांबं वितळवण्याचा प्रचंड कारखाना सुरू झाला. धुरातून आर्सेनिक गवतावर बसू लागलं आणि गुरं, घोडी, मेंढ्या पटापट मरू लागल्या. शेतकरी 1905 मध्ये कंपनीविरुद्ध कोर्टात गेले. 1909 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. राज्याचा डोलारा ज्या तांब्यावर उभा, त्याच्यापुढे शे-दोनशे शेतकऱ्यांच्या वैरणीची काय किंमत! त्यातच 1908 च्या महापुराने वरच्या खाणींचा विषारी गाळ क्लार्क फोर्कच्या दोन्ही काठांवर आणून टाकला. त्या जागी पुढे कितीतरी वर्षं गवताची काडी उगवली नाही.

कोअर्सचा पसारा पुढे आटत गेला, पण नातू कॉनराड वॉरेनने 1930 च्या दशकात तो नव्याने उभा केला. हिअरफर्ड जातीची उत्तम गुरं आणि भारी बेल्जियन घोडी पाळली. 1972 मध्ये हे ठिकाण राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं. आज तिथे सोळाशेच्या आसपास एकर जमीन आहे, गुरं अजूनही पाळतात, आणि गेल्या काही वर्षांत नदीकाठचा तो जुना गाळ खरवडून नवी माती टाकण्याचं काम तिथे झालं आहे. कुरण पुन्हा धरायला लागलं की नाही ते आता जनावरंच ठरवतील.

नमस्कार.