डॉलरमागे एक सेंट

(दृश्य : पहाट. डोराव्हिल स्टेशन, जॉर्जिया राज्य, अमेरिका. रिकाम्या फलाटावर गाडी शिरते.)

मार्टाची, म्हणजे अटलांटा परिसराच्या मेट्रो आणि बससेवेची, गाडी इथे थांबते, रिकामी होते आणि आल्या वाटेने अटलांटाकडे परत फिरते. १९९२ साली हे स्टेशन सुरू झालं, तेव्हा रूळ इथवरच आले होते. आजही ते इथेच संपतात. थोडं पुढे गेलं की ग्विनेट काउंटीची (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) हद्द लागते. २०२० च्या जनगणनेनुसार तिथे ९ लाख ५७ हजार माणसं राहतात, आणि मेट्रोचं एकही स्टेशन नाही.

हे कुणी वरून लादलेलं नाही. लोकांनी मतदान करून ठरवलंय, तेही एकदा नव्हे.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. शेतं, नवा महामार्ग.)

नोव्हेंबर १९७१. मार्टासाठी प्रत्येक डॉलरच्या खरेदीवर एक सेंट विक्रीकर द्यायचा का, असा कौल घेतला गेला. फुल्टन आणि डीकाल्ब काउंटीने होकार दिला. क्लेटन आणि ग्विनेटने नाकारलं. तेव्हाच्या ग्विनेटची वस्ती जेमतेम ७२ हजार, आणि जवळपास सगळी गोरी. कराची नाराजी होतीच. पण 'रेल्वे आली की शहरातले लोक येतील' या वाक्यातले 'शहरातले' म्हणजे कोण, हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. मार्टाच्या आद्याक्षरांवरून काळ्या लोकांना हिणवणारी कोटी त्या भागात वर्षानुवर्षं चालली. हा इतिहास बाजूला ठेवून ग्विनेटच्या रेल्वेबद्दल बोलता येणार नाही. १९९० साली पुन्हा कौल घेतला, आणि पुन्हा मोठ्या फरकाने नकार आला.

(दृश्य : शाळेचं मैदान. कडेला ओळीने उभे ट्रेलर.)

त्याच काळात ग्विनेटमध्ये कुटुंबांची रीघ लागली होती. शाळा अपुऱ्या पडू लागल्या, वर्ग ट्रेलरमध्ये भरू लागले. पुढे जॉर्जियात शाळांसाठी वेगळा एक सेंट विक्रीकर लावण्याची सोय झाली. त्याची मुदत पाच वर्षं. पैसा फक्त इमारती, साहित्य आणि बांधकामाच्या कर्जापुरता, शिक्षकांच्या पगाराला त्यातला डॉलरही वापरता येत नाही. मुदत संपत आली की लोकांपुढे परत जायचं. ग्विनेटचे लोक पुन्हा पुन्हा 'हो' म्हणाले.

आणि मग आला ३ नोव्हेंबर २०२०. तीच माणसं, तीच मतपत्रिका, प्रश्न दोन : शाळेसाठी एक सेंट, आणि बस-रेल्वेसाठी एक सेंट. शाळेचा सेंट मंजूर झाला. बस आणि रेल्वेचा सेंट पडला, तो सुमारे हजार मतांनी. तिथल्या एखाद्या मोठ्या हायस्कूलच्या पटावर याहून जास्त मुलं असतात.

(दृश्य : टपालपेटीतून काढलेलं घरपट्टीचं बिल. बोट एका ओळीवर थांबतं.)

'नाही' म्हणणाऱ्यांचंही नीट ऐकायला हवं. शाळेचा पैसा सेंटाशिवाय घरपट्टीतूनही येतो. हे बिल पाहा. जॉर्जियात घराच्या बाजारभावाच्या ४० टक्के रकमेवर कर बसतो. घर तीन लाख डॉलरचं असेल, तर हिशेब एक लाख वीस हजारांवर. दर 'मिल'मध्ये मोजतात, हजार डॉलरमागे एक डॉलर म्हणजे एक मिल. शाळेचा दर एका मिलने वाढला, तर या घराचे वर्षाला १२० डॉलर वाढतात. आणि बिलातला सर्वांत मोठा वाटा शाळेचाच असतो. निवृत्त माणसाची मिळकत ठरलेली, घराची किंमत मात्र त्याने काही न करता चढत जाते. मुलं शिकून केव्हाच बाहेर पडली, आता आम्ही किती वर्षं भरायचं, या प्रश्नात कद्रूपणा नाही. शेजारच्या कॉब काउंटीत वयाची ६२ वर्षं झाली की राहत्या घरावरचा शाळेचा नेहमीचा कर माफ होतो. तो बोजा मग तरुण कुटुंबांवर सरकतो, आणि तिथे नवा वाद सुरू होतो.

विक्रीकर त्यामानाने सोपा वाटतो, कारण महामार्गावरून जाताना पेट्रोल पंपावर थांबून खाऊ घेणारा परगावचा माणूसही तो भरतो. पण घरच्या किराण्यावर राज्य सरकार स्वतःचा चार टक्के कर घेत नाही, स्थानिक सेंट मात्र घेतले जातात. दूध-पावावरच ज्याचा निम्मा पगार जातो, त्याला हा सेंट जास्त टोचतो.

वाहतुकीचा सेंट तीस वर्षांसाठी मागितला होता. शाळेला पाच वर्षांनी जाब विचारता येतो, इथे एक पिढी उलटणार. ही शंका मला रास्त वाटते. २०२० च्या आराखड्यात डोराव्हिलपासून जिमी कार्टर बुलेव्हार्डपर्यंत रेल्वे होती. २०२४ च्या आराखड्यातून ती गेली, उरल्या बस आणि बोलावल्यावर येणाऱ्या छोट्या गाड्या. तो आराखडाही मतदानात पडला, आधीपेक्षा मोठ्या फरकाने.

(दृश्य : निवासी वस्ती. पिवळी बस थांबते, बाजूचा लाल फलक उघडतो.)

आता हे दृश्य पाहा. बस थांबली, लाल फलक उघडला, मागची-पुढची सगळी वाहतूक जागच्या जागी उभी राहिली. पाठीवर दप्तर घेऊन दोन मुलं चढली. तिकीट नाही. बसमध्ये किती जागा रिकाम्या आहेत, हे कुणी मोजत नाही. ग्विनेटच्या शाळा अशा हजाराहून जास्त बस चालवतात, सरकारी पैशाने, रोज. त्याला सार्वजनिक वाहतूक म्हणायचं कुणाच्या मनात येत नाही.

मूल अठरा वर्षांचं झालं की हा लाल फलक त्याच्यासाठी उघडणं थांबतं. मग गाडी घ्या, विमा भरा, नाहीतर घरी बसा. काउंटीची बस आहे, पण कित्येक वर्षं ती रविवारी धावतच नव्हती. आणि आज घरपट्टीच्या बिलाने वैतागलेले आजोबा? डॉक्टरांनी 'आता गाडी चालवू नका' म्हटलं, की दवाखान्यात ते कसे जाणार? सभेत एका बाजूला शाळावाले आणि दुसऱ्या बाजूला बसवाले बसतात. माणूस तर एकच आहे, फक्त निरनिराळ्या वयाचा.

(दृश्य : संध्याकाळ. डोराव्हिल स्टेशनचा बसथांबा.)

गाडी रिकामी होते. काहीजण पार्किंगकडे वळतात. उरलेले जिने उतरून ग्विनेटच्या बसच्या रांगेत लागतात. कुणाच्या अंगावर हॉटेलच्या स्वयंपाकघरातला गणवेश आहे, कुणाच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. एक मुलगी पुस्तक उघडून उभ्या-उभ्याच वाचतेय. बस येते, दार उघडतं. ती पानात बोट ठेवून पुस्तक मिटते आणि चढते.