डबा परत जागेवर

नमस्कार. लेटरबॉक्सिंग या खेळाबद्दल बोलता बोलता हा डबा तुमच्यात फिरवतो. साधा प्लॅस्टिकचा, घट्ट झाकणाचा. उघडा, हाताळा, पण आतलं काही खिशात घालू नका. आत एक वही आहे आणि एक रबरी शिक्का. बाकी काही नाही.

आमच्या धाकट्याला असा पहिला डबा सापडला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्यानं डबा उघडला, उलटा करून झटकला आणि म्हणाला, "एवढंच?" खजिना म्हणून तासभर चालवलेलं पोर, त्याचं काय चुकलं? मग त्याच्या ताईनं पिशवीतून दोघांची वही काढली, डब्यातला शिक्का शाईच्या पॅडवर दाबून पानावर उमटवला. घुबड निघालं. त्यानंतर तो शिक्का त्याच्या हातातून सोडवायला मला दहा मिनिटं लागली.

लेटरबॉक्सिंग ते हेच. कुणीतरी डबा लपवतं आणि तो कसा शोधायचा याच्या खुणा लिहून ठेवतं. आपण शोधायचा, त्यातला शिक्का आपल्या वहीत आणि आपला शिक्का त्यातल्या वहीत उमटवायचा आणि डबा होता तिथे, होता तसा परत ठेवायचा.

सुरुवात झाली इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या डार्टमूर या ओसाड, दलदलीच्या पठारावर. चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरॉट या वाटाड्यानं 1854 मध्ये क्रॅनमियर पूल (इथे पूल म्हणजे डबकं) या आडबाजूच्या जागी एक बाटली ठेवली. तिथवर पोचणाऱ्यांनी आपलं नावाचं कार्ड तीत टाकून यायचं. पुढे लोक तिथे स्वतःचा पत्ता लिहिलेली पत्रं ठेवू लागले. नंतर येणाऱ्यानं ती उचलून टपालात टाकायची. म्हणून लेटरबॉक्स. मला ही कल्पना फार आवडते: आपलं पत्र घरी कधी पोचणार, हे पुढचा माणूस कधी तिथवर चालत येतो त्यावर. 1998 मध्ये एका अमेरिकी मासिकात या खेळावर लेख आला आणि तो तिकडेही पसरला. उपग्रहांच्या मदतीनं डबे शोधायचं जिओकॅशिंग मे 2000 मधलं, म्हणजे बरंच धाकटं भावंड. त्यात अनेकदा डब्यातली एखादी वस्तू घेऊन बदल्यात दुसरी ठेवतात. मोठ्यांना ते जरूर आवडेल, पण लहान मुलाची नजर पडद्यावरच्या बाणावर खिळते आणि शेजारचं झाड राहून जातं, असं माझं मत.

आता शिक्का. विकतचा आणू नका. खोडरबरावर कोरा. कोरायचं काम मोठ्यांचं, चित्र मात्र मुलाचं. आमचा पहिला शिक्का फसला, कारण मी नावातलं 'ग' अक्षर सरळ कोरलं आणि कागदावर ते उलटं उमटलं. युक्ती सोपी आहे. मऊ पेन्सिलीनं कागदावर ठळक चित्र काढा, तो कागद खोडरबरावर पालथा घाला आणि मागून नखानं घासा. रबरावर चित्र आपोआप उलटं उठतं. रेघा तशाच ठेवून भोवतीचं रबर पातळ काढत जा, की छाप सुलटी येते. धाकट्यानं डायनासोर काढला होता. कोरल्यावर तो पाय फुटलेल्या ढगासारखा दिसायला लागला. अनोळखी लोकांच्या वह्यांत तो आता त्याच रूपात आहे, आणि त्याला त्याचं काहीही वाटत नाही.

खुणा लिहिताना माझी दुसरी फजिती झाली. "वाकड्या झाडापासून तीस पावलं," मी लिहिलं. पोरानं इमानदारीत तीस मोजली आणि निम्म्या वाटेतच उकरायला बसला. पावलं माझी होती ना! तेव्हापासून आम्ही लिहितो: "तीस पावलं, धाकट्याची." डार्टमूरवर होकायंत्राचे अंश देतात. सात-आठ वर्षांच्या पुढे त्याचीही मजा येते, पण त्याआधी डोळ्यांना दिसेल तेच लिहावं: एकाच बुंध्यातून निघालेली दोन खोडं, किंवा पूल ओलांडताना पाणी कुठल्या हाताला वाहतंय.

डबा पुरायचा नाही, पाला-दगडांनी नुसता झाकायचा. जागेच्या मालकाला आधी विचारायचं. जुन्या अवशेषांत लपवायचा नाही. डार्टमूरवर तर तसा नियमच आहे, आणि सिमेंटनं डबा पक्का करायलाही मनाई आहे. बिळात, कपारीत हात घालण्याआधी काठी घालून बघा. डब्यावर हे काय आहे ते स्पष्ट लिहा, नाहीतर बेवारस डबा बघून कुणीतरी घाबरतं.

आणि हो, डबा सापडणारच असं नाही. कुणी उचलून नेतं, पाऊस नेतो. दमलेल्या पोराला हे समजावणं अवघड असतं. म्हणून पहिल्या वेळी तुमचा तुम्हीच लपवा. एकानं सकाळी पुढे जाऊन ठेवून यायचं. कुणी याला फसवणूक म्हणेल. म्हणू दे.

दुपारी परतताना धाकटा एकदा अर्ध्या वाटेवरून मागे पळाला होता. झाकण नीट लागलंय ना, ते बघायला.

डबा मागच्या रांगेत पोचला का? छाप उमटवली असेल तर वही लगेच मिटू नका, शाई ओली असते. समोरच्या पानावर दुसरं घुबड उठतं.