थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद

(दृश्य: जुन्या शाळेची भिंत. संगमरवरी पाटी. एक हात ओल्या फडक्यानं धूळ पुसतो.)

या पाटीवर एकच वाक्य कोरलंय. या गावातून इतके जण 1914 ते 1919च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. सातारा, रत्नागिरी, पुणे, कुठल्याही जुन्या लष्करी गावात जा, वाक्य हेच असतं. आकडा तेवढा बदलतो. नाव एकही नाही.

(दृश्य: पहाटेचं अपशिंगे. व्यायाम करत धावणारी पोरं. स्मारक.)

सातारा तालुक्यातलं हे अपशिंगे. लोक याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाच्या 46 जणांनी प्राण दिले. अशा गावांत थोरला भरती झाला की धाकटा त्याच वाटेनं जायचा. पलटणींनाही तसंच हवं असायचं: नात्यातला, ओळखीचा, त्याच वाडीतला माणूस.

पण सख्खे भाऊ एकाच आघाडीवर जातील, असं काही नव्हतं. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, कंपन्या ऑक्टोबर 1914मध्ये फ्रान्सात नव-शापेलला लढत होत्या. 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या. एक भाऊ चिखलात, दुसरा वाळूत. आणि दोघांची पत्रं यायची ती एकाच दाराशी.

(दृश्य: टाक, दौत, कागद. मोडी लिहिणारा हात. सावकाश.)

हे पत्र तयार कसं व्हायचं, ते नीट बघा.

बऱ्याच शिपायांना लिहिता येत नव्हतं. पलटणीतला एखादा शिकलेला सोबती नाहीतर कारकून लिहून द्यायचा. शिपाई सांगणार, चारजण ऐकणार, लिहिणारा आपल्या सरावानं शब्द बसवणार. वर ‘श्री’. मग ‘तीर्थरूप’. मग ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’. मग ‘येथील क्षेम जाणून आपले कुशल कळवावे’. हा मायना शतकानुशतकांचा होता. खंदकात बसलेल्या माणसाच्या अंगातही तो तसाच मुरलेला होता.

मराठी हातानं लिहायची म्हणजे तेव्हा बहुतेक मोडीच. हात न उचलता, ओळ न तोडता.

(दृश्य: जुनी पाकिटं. तिकिटावर कॅमेरा जवळ जातो.)

तिकीट हिंदुस्थानचंच, पंचम जॉर्जचा चेहरा, आणि त्यावर काळ्या शाईत छापलेली तीन अक्षरं: आय. ई. एफ. म्हणजे इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स. शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असायचा, गावाचं नाव नसायचं. पोरगा कुठे आहे, हे पाकीट बघून आईबापांना कळायची सोय नव्हती.

फ्रान्समधली पत्रं वाटेत उघडली जायची. बुलोन्यला इव्हलिन हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली खास हिंदुस्थानी शिपायांचं टपाल तपासणारं कार्यालय बसवलं होतं. तिथे पत्रं वाचली जायची, त्यांतले उतारे इंग्रजीत उतरवले जायचे आणि अहवालाबरोबर वर पाठवले जायचे.

आपलं पत्र तिसराच कुणीतरी वाचतोय, हे शिपायांना ठाऊक होतं. म्हणून ते आडून बोलायचे. एका पत्रात मिरचीचा हिशेब येतो: हिंदुस्थानातून आलेली काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतायत. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे.

(दृश्य: काढणी झालेलं शेत. ओळीनं पडलेल्या पेंढ्या. आवाज फक्त वाऱ्याचा.)

कुणी लिहिलं, हे महाभारतासारखं युद्ध आहे. कुणी लिहिलं, कापून टाकलेल्या पेंढ्यांसारखी प्रेतं पडलीत. आणि घरच्या माणसांना पुन्हा पुन्हा एक गोष्ट सुचवलेली सापडते: तुम्ही भरती होऊ नका. स्वतः खंदकात बसलेला माणूस मागच्यांची वाट अडवू बघत होता. ते उघड लिहिता येत नव्हतं.

हे इंग्रजी उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत पंजाबी आणि पठाण शिपायांचे आवाज जास्त, मराठी फारच थोडे. शिपायाचे मूळ शब्द त्यांतही नाहीत. आहे ते भाषांतर.

(दृश्य: नदीचा नकाशा. तैग्रिसच्या वळणातलं कूत.)

7 डिसेंबर 1915. कूत-अल-अमाराला तुर्कांचा वेढा पडला. पूना डिव्हिजन आत अडकली, तिन्ही मराठा पलटणींसह. जवळजवळ पाच महिने. टपालाची वाट बंद. 29 एप्रिल 1916ला शरणागती, सुमारे 13 हजार माणसं कैदेत, कितीतरी हिंदी शिपाई आजच्या सीरियातल्या रस-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर. बरेच परतले नाहीत.

(दृश्य: बसरा स्मारकाची जुनी छायाचित्रं.)

बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. साध्या शिपायांचा पलटणवार आकडा.

(दृश्य: माळा. पत्र्याची ट्रंक. झाकण उघडतं.)

गावात आकडा, बसऱ्यात आकडा. म्हणून ही ट्रंक महत्त्वाची. पत्रात नाव असतं. थोरल्याचं, धाकट्याचं, वहिनीचं, बैलाचंसुद्धा. शेवटी घरातल्या एकेकाचं नाव घेऊन थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद असतो.

पण नातवंडांना, पतवंडांना मोडी येत नाही. कुणाला वाटतं जमिनीचा जुना कागद असेल, कुणाला वाटतं सावकाराचा. घर पाडताना अशा ट्रंका रद्दीत गेल्यात, वाळवीनं खाल्ल्यात. तुमच्या माळ्यावर अशी ट्रंक असेल तर कागद वेगळे काढा, उन्हात टाकू नका, चिकटपट्टी लावू नका. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहेत, पुराभिलेखागाराच्या मोडी वर्गांतून नवी तयार होतायत.

(दृश्य: टेबलावर पसरलेला कागद. वाचणाऱ्या बाईचं बोट ओळीवरून सरकतं, एका अक्षरावर थांबतं, पुन्हा सरकतं. शेजारी घरची माणसं. निवेदन इथे थांबतं; पुढे फक्त तिचा आवाज.)