बंद न होणारा ब्राउझर

[दृश्य: अमळनेर, जुलै महिना. सेवा केंद्राबाहेर रांग.]

पीक विम्याच्या दिवसांत इथला संगणक दिवसभर चालूच असतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, आधारची झेरॉक्स. कोणी मोबाईल पुढे करतो, "भाऊ, यानी एक प्रिंट काढी दे." फोटो व्हॉट्सॲप वेबवर येतो, क्रोममध्ये उघडतो.

[दृश्य: पडद्यावर फोटो उमटतोय.]

फोटो वेबपी प्रकारचा असेल, तर ब्राउझरमधली 'लिबवेबपी' ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, तो उलगडते. दर्जा न घटवणाऱ्या वेबपीत हफमन कोड वापरतात: वारंवार येणाऱ्या मूल्याला आखूड कोड, क्वचित येणाऱ्याला लांब. या कोडांचा तक्ता मेमरीत मांडला जातो, आणि त्याची जागा आधीच मोजून ठेवलेली होती. नियमात बसणाऱ्या फाइलला ती पुरायची. पण कोडांच्या लांब्या मुद्दाम विस्कटलेल्या असल्या, तर तक्ता त्या जागेत मावत नसे. खरा घोटाळा क्रमात होता. लायब्ररी आधी लिहायची, लांब्या बरोबर आहेत का हे नंतर तपासायची. तोवर बांध ओलांडून शेजारच्या वावरात नांगर गेलेला असे. तिथे काय लिहिलं जाईल हे हल्लेखोराला साधलं, की त्याचा घातक प्रोग्राम दुरून चालतो. क्लिक लागत नाही. फोटो दिसणं पुरतं.

अॅपलचं सुरक्षा पथक आणि टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने ६ सप्टेंबर २०२३ रोजी हे गुगलला कळवलं. ११ तारखेला दुरुस्त केलेलं क्रोम ११६.०.५८४५.१८७ आलं, दुसऱ्या दिवशी फायरफॉक्स ११७.०.१. दोषाचा गैरवापर तोवर सुरू झालेला होता. नोंद मात्र आधी फक्त क्रोमचा दोष अशी झाली. ही मोठी चूक होती, कारण तीच लायब्ररी इतर कितीतरी अॅपमध्ये होती.

क्रोमचा सँडबॉक्स, म्हणजे पानाभोवतीचं कुंपण, अशा घातक प्रोग्रामला कोंडून ठेवतो. पूर्ण संगणक ताब्यात घ्यायला सहसा दुसरा दोष जोडावा लागतो. म्हणून निर्धास्त राहू नये, असे दोष जोडीने वापरले जातात.

[दृश्य: क्रोमचा कोपरा, तीन ठिपके.]

अपडेट आपोआप उतरतं, पण ब्राउझर पुन्हा सुरू झाल्याशिवाय लागू होत नाही. केंद्रात नेमकं तेच टळतं: अर्धा भरलेला फॉर्म, नुकताच आलेला ओटीपी, बाहेर रांग. लॅपटॉपचं झाकण मिटणं म्हणजे ब्राउझर बंद करणं नव्हे. खिडकी बंद करूनही क्रोम मागे चालू राहू शकतं. सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' उघडून पार्श्वभूमीत अॅप चालू ठेवण्याचा पर्याय बंद करावा.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी तीन ठिपके, मदत, 'गुगल क्रोमविषयी'. पान उघडताच तपासणी सुरू होते. 'रीलाँच' (पुन्हा सुरू करा) दिसलं तर दाबावं. टॅब परत येतात, अर्धवट फॉर्मची खात्री नाही, आणि इन्कॉग्निटो खिडक्या परत येत नाहीत. एज, ब्रेव्ह, फायरफॉक्स यांचं अपडेट वेगवेगळं पाहावं लागतं.

विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. अशा मशीनवर गिऱ्हाइकाचं आधार किंवा बँकेचं पासबुक उघडू नये. आणि कुठल्याही मशीनवर काम झालं, की डाउनलोड्स फोल्डर रिकामा करावा, रीसायकल बिनसकट.

[दृश्य: शटर अर्धं वर. पडद्यावर 'रीलाँच'. बोट माउसवर.]